विम्सहर्स्ट यंत्र: शाळेच्या प्रयोगशाळेसाठी घ्यावे का?

आमच्या सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेसाठी हाताने फिरवायचे एक विम्सहर्स्ट यंत्र, म्हणजे स्थितिक विजेच्या ठिणग्या पाडणारे उपकरण, घेण्यात आले. सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या दोन ॲक्रिलिक तबकड्या, त्यांवर कडेने चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, प्रभार साठवणाऱ्या दोन लायडन बरण्या, सरकवता येणाऱ्या दांड्यांवर बसवलेले दोन पितळी गोळे आणि लाकडी पाया, असे त्याचे रूप आहे. अंबाला येथून देशभरच्या शाळांना जी विज्ञान उपकरणे पुरवली जातात त्यांपैकीच हे एक. बनवणाऱ्याचे नाव येथे देत नाही, कारण याच घाटाची यंत्रे अनेक कारखाने बनवतात आणि पुढे सांगितलेले गुणदोष एका कारखान्यापेक्षा या घाटाचेच अधिक आहेत. माझे मत आधीच सांगतो. यंत्र जरूर घ्यावे, परंतु त्याच्यासोबत आलेली माहितीपुस्तिका विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. तबकड्यांच्या घर्षणाने यंत्रात वीज निर्माण होते, असे त्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलेले आहे. प्रत्यक्षात या यंत्रात तबकड्या एकमेकींना घासत नाहीत आणि प्रभार निर्माणही होत नाही. या दोन्ही समजुती मुलांच्या डोळ्यांदेखत खोट्या ठरवता येतात, यातच या यंत्राचे सगळे मोल आहे.

सातवीच्या सामान्य विज्ञानात स्थितिक विद्युत हा पाठ येतो आणि तो बहुतेक ठिकाणी कोरड्या केसांवरून फिरवलेला कंगवा व कागदाचे कपटे यांवर सुरू होऊन तेथेच संपतो. घासले की प्रभार तयार होतो, एवढे एक वाक्य मुलांच्या लक्षात राहते आणि ते पुढे बारावीपर्यंत तसेच टिकते. खरे पाहता कंगव्यात नवे काही तयार झालेले नसते. केसांवरचे काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर गेले, म्हणून कंगवा ऋण झाला आणि तेवढ्याच मापाने केस धन झाले. दोघांची बेरीज आधीही शून्य होती आणि नंतरही शून्यच राहिली. घासण्याचे काम दोन पृष्ठभागांचा जास्तीत जास्त भाग एकमेकांना भिडवणे एवढेच असते. नुसते चिकटवून ओढून काढले तरी प्रभार वेगळे होतात आणि सेलोटेपच्या पट्टीवर ते सहज दाखवता येते. याहून महत्त्वाचा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. कागदाच्या कपट्याला तर कोणी घासलेले नाही, तो पूर्णपणे उदासीन आहे, मग तो कंगव्याकडे का उडी घेतो? ऋण कंगवा जवळ आला की कपट्यातील धन आणि ऋण प्रभार किंचित सरकतात, धन बाजू कंगव्याजवळ येते, ऋण बाजू दूर जाते. जवळच्या बाजूचे आकर्षण दूरच्या बाजूच्या प्रतिकर्षणापेक्षा जास्त ठरते आणि कपटा ओढला जातो. स्पर्श न करता घडणारी ही क्रिया म्हणजे प्रवर्तन. कंगव्याच्या प्रयोगाचा अर्धा भाग प्रवर्तनाचा असतो आणि विम्सहर्स्ट यंत्र तर संपूर्णपणे प्रवर्तनावर चालते.

जेम्स विम्सहर्स्ट हे व्यवसायाने जहाजांचे इंग्रज अभियंता होते. १८८०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी लंडनमधील आपल्या घरच्या कार्यशाळेत या यंत्राला आजचे रूप दिले आणि त्याचे एकस्व (पेटंट) घेतले नाही. कोणालाही ते मोकळेपणाने बनवता आले, म्हणूनच ते इतके पसरले असावे असे मला वाटते. १८९५ मध्ये रॉंटगेन यांनी क्ष-किरण शोधल्यानंतर काही काळ रुग्णालयांत क्ष-किरण नळ्यांना लागणारा उच्च विद्युत दाब पुरवण्यासाठीही अशी मोठी यंत्रे वापरली गेली. आज त्याचा उपयोग शिकवण्यापुरता उरला आहे, आणि तेवढ्यासाठी ते अजूनही उत्तम आहे, कारण त्याचे सगळे अवयव उघडे दिसतात.

आता यंत्राची रचना नीट पाहू, कारण पुस्तिकेत नेमके हेच नाही. दोन तबकड्या एकाच आसावर, एकमेकींपासून काही मिलिमीटर अंतर राखून बसवलेल्या असतात. मूठ फिरवली की दोन्ही तबकड्या परस्परविरुद्ध दिशेने फिरतात, कारण एका बाजूचा पट्टा सरळ घातलेला असतो आणि दुसऱ्या बाजूच्या पट्ट्याला फुलीसारखा तिढा दिलेला असतो. प्रत्येक तबकडीच्या बाहेरील अंगास एक तिरपी धातूची दांडी असते. तिच्या दोन्ही टोकांना बारीक तारांचे कुंचले असतात आणि ते तबकडीवरील समोरासमोरच्या दोन पट्ट्यांना हलकेच शिवतात. पुढची दांडी एका बाजूला कललेली, तर मागची दुसऱ्या बाजूला. आडव्या रेषेत डावीकडे आणि उजवीकडे तबकड्यांच्या कडांना कवेत घेणाऱ्या, आत टोकदार दाते असलेल्या दोन फण्या असतात. हे दाते पट्ट्यांना स्पर्श करत नाहीत. या फण्या लायडन बरण्यांना आणि तेथून गोळ्यांना जोडलेल्या असतात.

समजा, मागच्या तबकडीवरील एका पट्टीवर योगायोगाने थोडासा धन प्रभार आहे. असा अल्प असमतोल कोठे ना कोठे असतोच, आणि म्हणून हे यंत्र आपले आपणच सुरू होते. ही पट्टी फिरत फिरत पुढच्या तबकडीच्या कुंचल्यासमोर आली, की कुंचल्याला त्या क्षणी शिवत असलेल्या पुढच्या पट्टीवर तिच्या ओढीने ऋण प्रभार जमतो आणि त्याच मापाचा धन प्रभार दांडीतून पलीकडच्या टोकाच्या पट्टीवर ढकलला जातो. पुढच्याच क्षणी तबकडी सरकते, कुंचल्याचा स्पर्श तुटतो आणि दोन्ही पट्ट्या आपापले प्रभार घेऊन पुढे निघतात. आता या पट्ट्या मागच्या तबकडीच्या कुंचल्यांसमोरून जातात आणि तेथे हेच काम उलट दिशेने करतात. प्रत्येक फेरीत आधीचा प्रभार नव्या प्रभाराला ओढून वेगळा करतो, तो आणखी मोठ्या प्रभाराला वेगळा करतो, आणि सावकाराच्या चक्रवाढ व्याजाप्रमाणे हा आकडा काही फेऱ्यांतच कितीतरी पटींनी वाढतो. शेवटी हवेतून व पृष्ठभागांवरून होणारी गळती या वाढीच्या बरोबरीला येते आणि वाढ थांबते. भरलेल्या पट्ट्या फण्यांजवळ पोहोचल्या, की दात्यांच्या टोकांशी हवेचे आयनीभवन होऊन, म्हणजे हवेचे कण प्रभारित (आयन) होऊन, त्यांचा प्रभार स्पर्शाविनाच फण्यांकडे उतरतो. एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण.

वरील विवेचन फळ्यावर सांगितले तर आठवीचा वर्ग दहा मिनिटांत कंटाळतो. यंत्र समोर ठेवून सांगितले तर मुले स्वतःच बोटांनी पट्ट्यांचा मागोवा घेऊ लागतात. दोन साधे प्रयोग येथे फार उपयोगी पडतात. पहिला म्हणजे तिरप्या दांड्यांचे कुंचले तबकडीपासून दूर वळवून मूठ फिरवणे. तबकड्या पूर्वीइतक्याच वेगाने फिरतात, तरीही ठिणगी पडत नाही. घर्षणाने वीज होते असे मानणाऱ्या मुलाला याचे उत्तर देता येत नाही आणि तो विचार करू लागतो. दुसरा प्रयोग मूठ उलट्या दिशेने फिरवण्याचा. दांड्यांचा कल तसाच ठेवून दिशा बदलली, की पट्ट्या चुकीच्या क्रमाने कुंचल्यांसमोर येतात आणि प्रभार वाढण्याऐवजी विरतो. आमच्या यंत्रावर योग्य दिशा दाखवणारा बाण नव्हता. तो प्रत्येक यंत्रावर रंगवलेला असायला हवा, कारण यंत्र बिघडले आहे अशी तक्रार ज्या शाळा करतात त्यांतील काहींची अडचण एवढीच असू शकते.

गोळे दूर नेऊन मूठ फिरवत राहिले, की ती थोडी जड होत जाते आणि ठिणगी पडताच पुन्हा हलकी होते. हा फरक लहान आहे, तरी लक्ष देऊन फिरवणाऱ्या हाताला जाणवतो. धन आणि ऋण प्रभारांना एकमेकांपासून दूर खेचण्यासाठी आपला हात त्या ओढीविरुद्ध काम करतो आणि तेच काम पुढे ठिणगीचा प्रकाश, आवाज व उष्णता होऊन बाहेर पडते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम हाताला जाणवून देणारी साधने शाळेत फार थोडी असतात, म्हणून या एका अनुभवासाठी मी प्रत्येक विद्यार्थ्याला मूठ फिरवू देतो. प्रात्यक्षिक शिक्षकानेच करावे अशी सूचना पुस्तिकेत आहे. मोठ्या मुलांच्या बाबतीत, आणि शिक्षक शेजारी उभे असताना, ती पाळण्याचे कारण मला दिसत नाही.

ठिणगीची लांबी हा खरेदीदारांचा आवडता प्रश्न असतो. कोरड्या हवेत आमच्या यंत्राची ठिणगी पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत जाते आणि या आकाराच्या यंत्रासाठी ती समाधानकारक आहे. साधारण हवेचा विद्युतरोध एका सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्टच्या आसपास तुटतो, परंतु हा आकडा दोन सपाट पृष्ठभागांमधील एकसमान क्षेत्रासाठी आहे. लहान गोळ्यांभोवती क्षेत्र एकवटलेले असल्याने तितकीच लांब ठिणगी त्याहून कमी विभवांतरालाही, म्हणजे दोन गोळ्यांमधील व्होल्टच्या फरकालाही, पडते, म्हणून ठिणगीच्या लांबीला ३०,०००ने गुणून यंत्राचे व्होल्ट जाहीर करणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. आकड्यांपेक्षा लायडन बरण्यांचा प्रयोग अधिक शिकवतो. बरण्या सोडवून ठेवल्या तर बारीक, जांभळट, जवळजवळ अखंड ठिणग्या पडतात. बरण्या जोडल्या तर ठिणग्या विरळ होतात, पण प्रत्येक ठिणगी पांढरी, जाड आणि फटाक्यासारखी कडाडणारी असते. अंतर तेच, त्यामुळे लागणारे विभवांतरही जवळपास तेच. पण बरणी असताना तेवढे विभवांतर गाठण्यासाठी कितीतरी जास्त प्रभार साठवावा लागतो. १७४५–४६ मध्ये जर्मनीत फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधील लायडन येथे मुशेनब्रूक यांना स्वतंत्रपणे सापडलेली ही बरणी म्हणजे जगातील पहिले धारित्र, अर्थात प्रभार साठवणारे साधन. मुलांना विभवांतर आणि प्रभार यांतील भेद समजावण्यासाठी याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

येथे प्रभाराच्या मापाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. दिव्यातून वाहणाऱ्या धारेत एक कूलोम प्रभार काही सेकंदांत निघून जातो, त्यामुळे मुलांना कूलोम हे लहान एकक वाटते. प्रत्यक्षात एक-एक कूलोमचे दोन प्रभार एक मीटर अंतरावर वेगळे ठेवता आले असते, तर त्यांच्यातील बल ९०० कोटी न्यूटन, म्हणजे सुमारे नऊ लाख टन वजनाएवढे झाले असते. म्हणून स्थितिक विद्युतेत आपली गाठ नेहमी कूलोमच्या दशलक्षांश भागांशी पडते आणि आमच्या यंत्राच्या बरण्यांतही तेवढाच प्रभार मावतो. तरीही एका मायक्रोकूलोममध्ये सहा लाख कोटींहून अधिक इलेक्ट्रॉन असतात.

आता दोषांकडे वळतो. सर्वांत मोठी मर्यादा हवामानाची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे यंत्र विकणे योग्य नाही असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या सकाळी साताऱ्यात मूठ दोन-तीनदा फिरवताच ठिणगी पडते. चिपळूणच्या एका शिक्षकमित्रांनी हेच यंत्र पावसाळ्यात नेले, तेव्हा ते मुळीच चालले नाही. दमट हवा वीज वाहून नेते, असे याचे कारण सर्रास सांगितले जाते आणि ते बरोबर नाही. हवेत मिसळलेली बाष्परूप आर्द्रता हवेला वाहक बनवत नाही. खरी गळती तबकडीच्या, बरणीच्या काचेच्या आणि आधाराच्या दांड्यांच्या पृष्ठभागावर जमणाऱ्या पाण्याच्या अतिशय पातळ थरातून होते. त्या थरात धूळ व हाताच्या घामातील क्षार विरघळले की प्रभाराला निसटायला वाट मिळते. हे कळले की उपायही आपोआप सुचतो. सगळी खोली कोरडी करण्याची गरज नसते, पृष्ठभाग हवेपेक्षा थोडे गरम ठेवले तरी पुरते. लाकडी कपाटात जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा तारेचा दिवा लावून यंत्र रात्रभर त्यात ठेवले, आणि तासाच्या आधी केस वाळवण्याच्या ड्रायरने दुरून थोडी ऊब दिली, तर कोकणातही ऑगस्टमध्ये लहान का होईना ठिणगी मिळते. ड्रायर फार जवळ धरू नये, कारण शंभर अंशांच्या आसपास ॲक्रिलिक मऊ पडते आणि एकदा वाकलेली तबकडी पुन्हा सरळ होत नाही.

दुसरा दोष पुस्तिकेतील एका सूचनेचा आहे आणि तो नुकसानकारक आहे. तबकड्या स्पिरिटने पुसाव्यात असे तीत लिहिले आहे. ही सूचना काचेच्या जुन्या यंत्रांसाठी ठीक होती. ॲक्रिलिकवर अल्कोहोल लागले की त्यात केसासारख्या बारीक चिरा उमटू शकतात, विशेषतः भोके पाडलेल्या आणि ताण असलेल्या मध्यभागी, आणि आमच्या एका तबकडीच्या आसाभोवती अशा चिरा दिसू लागल्या आहेत. कोरड्या, धुतलेल्या सुती कापडाने हलक्या हाताने पुसणे पुरेसे आहे. तबकडीला बोटे लावू नयेत, कारण बोटाचा ठसा म्हणजे मिठाची वाट असते.

कुंचल्यांच्या तारा फार ताठ होत्या आणि त्यांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर ओरखडे काढायला सुरुवात केली होती. विजेच्या मऊ, अनेक तारी वायरमधील तांब्याच्या तारांचा झुबका करून ते बदलले, तेव्हा यंत्राचा आवाज कमी झाला आणि ठिणगीही नियमित झाली. रबरी पट्टे एका उन्हाळ्यात सैल पडले. शिवणयंत्राचा गोल पट्टा कापून जोडला तर तो चालतो आणि तो कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो. पाया हलका आहे, त्यामुळे मूठ जोरात फिरवताना यंत्र टेबलावर सरकते. या गोष्टी किरकोळ आहेत. एवढ्या साध्या यंत्रात सुटे भाग घरी बनवता येतात, हा मी त्याचा गुणच मानतो.

प्रात्यक्षिकांपैकी धुराचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. काचेच्या बरणीच्या आतील भिंतीला ॲल्युमिनियमचा पातळ कागद लावून त्यात पाहण्यापुरती उभी फट ठेवायची, झाकणातून एक लांब सुई आत सोडायची, सुई एका गोळ्याला आणि कागद दुसऱ्या गोळ्याला जोडायचा, आणि बरणीत उदबत्तीचा दाट धूर भरायचा. मूठ फिरवताच धूर भोवऱ्यासारखा घुसळतो आणि पाहता पाहता बरणी स्वच्छ होते. सुईच्या टोकाशी तयार झालेले आयन धुराच्या कणांना चिकटतात, कण प्रभारित होतात आणि भिंतीकडे खेचले जाऊन तेथे बसतात. अमेरिकेतील फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०८ मध्ये याच तत्त्वावर कारखान्यांच्या धुरासाठी एकस्व मिळवले, आणि चंद्रपूर, कोराडी यांसारख्या कोळशावर चालणाऱ्या आपल्या औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या वायूतील राख अशाच अवाढव्य संचांत अडवली जाते. चांगल्या स्थितीतील संच ९९ टक्क्यांहून अधिक राख पकडतो. म्हणूनच हे संच बंद पडले किंवा नीट राखले गेले नाहीत, तर भोवतालच्या गावांना काय सोसावे लागते हे मुलांना उमगते. स्थितिक विद्युत म्हणजे कंगवा आणि कपटे एवढेच, हा समज या बरणीपुढे टिकत नाही.

याशिवाय स्टीलच्या डब्यात कागदी पट्ट्या ठेवून डबा एका गोळ्याला जोडला, तर डब्यावर बाहेरून लावलेल्या पट्ट्या ताठ उभ्या राहतात आणि आतल्या लोळागोळा पडून राहतात. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये एक खोलीच अशी धातूने मढवून तीत बसून हे पाहिले होते. वळवाच्या विजांच्या वेळी झाडाखाली थांबण्यापेक्षा काचा बंद केलेल्या मोटारीत बसणे सुरक्षित का, याचे उत्तर येथेच मिळते, आणि ते टायरच्या रबरात नसून भोवतालच्या पत्र्यात असते. जुनी ट्यूबलाइट जवळ धरली की ती जोडणीविना लुकलुकते. मुलांना हे फार आवडते, पण शिकवण्याच्या दृष्टीने त्यात फारसे नाही.

सुरक्षिततेबद्दल मात्र पुस्तिकेहून अधिक काळजी घ्यायला हवी. यंत्राची धारा अत्यल्प असते, त्यामुळे बरण्या जोडलेल्या नसताना बसणारा चटका केवळ दचकवतो. बरण्या जोडलेल्या असताना तो दुखतो. साठलेली ऊर्जा बरणी जितकी मोठी तितकी जास्त असते आणि विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून उत्साहाच्या भरात घरी बनवलेली मोठी बरणी या यंत्राला कधीही जोडू नये. हृदयाचा पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने यंत्राजवळ थांबू नये आणि भ्रमणध्वनी व संगणक दुसऱ्या खोलीत ठेवावेत. काम संपल्यावर गोळे एकमेकांना टेकवून ठेवावेत, आणि ते एकदा टेकवून पुरत नाही; काचेत मुरलेला प्रभार थोड्या वेळाने पुन्हा पृष्ठभागावर येतो आणि रिकामी समजलेली बरणी चटका देते. चालू यंत्राजवळ येणारा उग्र वास ओझोनचा असतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

या यंत्राशेजारी उभे राहून रोजच्या अनुभवांबद्दल बोलणे सोपे जाते. थंडीत प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून कडीला हात लावताच बसणारा चटका किंवा अंधारात लोकरी स्वेटर काढताना दिसणाऱ्या ठिणग्या, हे याच प्रकारचे पण लहान विद्युत विसर्जन, म्हणजे साठलेल्या प्रभाराचे निसटणे, असते. सुमारे ३,००० व्होल्टच्या खालचे विसर्जन बहुधा माणसाला जाणवतही नाही. संगणकातील काही घटकांना मात्र शंभर व्होल्टही मारक ठरतात, आणि म्हणून दुरुस्ती करणारे कारागीर मनगटाला भूसंपर्क पट्टी बांधतात. त्या पट्टीत दहा लाख ओहमचा रोध घातलेला असतो, कारण प्रभाराला हळूहळू जमिनीत जाऊ द्यायचे असते आणि चुकून हात मुख्य वीजवाहिनीला लागला तर माणसाला वाचवायचेही असते. शरीराची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) सुमारे १०० पिकोफॅरड धरली, तर १०,००० व्होल्टला साठणारी ऊर्जा पाच मिलिज्यूल भरते. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल तर ती पेटायला चतुर्थांश मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. हे गणित दहावीच्या मुलांकडून करून घ्यावे. त्यानंतर, इंधनाचा टँकर रिकामा करण्यापूर्वी त्याला भूसंपर्काची तार का जोडतात, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

मोटरवर चालणारे व्हॅन डी ग्राफ जनित्र घ्यावे का, असे अनेक शाळा विचारतात. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांनी १९२९ मध्ये पहिला नमुना बनवलेले हे यंत्र केस उभे करण्यात निःसंशय सरस आहे आणि विज्ञान प्रदर्शनात गर्दीही तेच खेचते. परंतु ते महाग पडते, त्याचा पट्टा आपल्या उन्हाळ्यात लवकर खराब होतो आणि मुख्य म्हणजे प्रभार कोठून कोठे जातो हे त्याच्या नळकांड्यात झाकलेले राहते. शाळेला एकच यंत्र परवडत असेल तर विम्सहर्स्टच घ्यावे. एकही परवडत नसेल तर सेलोटेपच्या दोन पट्ट्या टेबलावरून ओढून काढून त्या एकमेकींना दूर लोटतात हे दाखवावे, मग त्याच दोन पट्ट्या एकीवर एक चिकटवून, हाताने कुरवाळून त्यांवरचा प्रभार घालवून, झटकन वेगळ्या करून त्या आता एकमेकींना ओढतात हे दाखवावे. प्रभाराचे दोन प्रकार आहेत, हे फ्रान्समध्ये दुफे यांनी १७३३ मध्ये मांडलेले सत्य एवढ्यात सिद्ध होते, आणि यंत्र असले तरी पाठाची सुरुवात येथूनच करावी. पुढे यंत्राच्या गोळ्याचा स्पर्श दिलेला, दोऱ्याला टांगलेला हलका लोलक कोणत्या पट्टीकडे झुकतो यावरून त्या दिवशी कोणता गोळा धन आहे हे ठरवता येते. तो रोज तोच असेल असे नाही, कारण सुरुवातीचा असमतोल कोणत्या बाजूचा होता यावर ते अवलंबून असते.

मागणी नोंदवताना पुरवठादाराला काही गोष्टी लेखी विचाराव्यात. बरण्या सोडवता आणि जोडता येतात का, तिरप्या दांड्यांचा कोन बदलता येतो का, आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत की छापलेल्या, हे कळायला हवे. छापलेल्या पट्ट्या कुंचल्यांखाली लवकर झिजतात. दांड्या कायमच्या ठोकून बसवलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण मग कुंचले दूर करून दाखवण्याचा वर सांगितलेला प्रयोग करता येत नाही. रबरी पट्ट्यांचा एक जास्तीचा जोड सोबत मागून घ्यावा, आणि यंत्र पावसाळ्यात पोहोचणार असेल तर ते तपासण्याची मुदत दिवाळीनंतरपर्यंत वाढवून मागावी, म्हणजे दमट हवेमुळे न चाललेले यंत्र बिघडलेले समजून परत पाठवण्याची वेळ येणार नाही.